खालचं लॉक

परवा गावाकडे चक्कर झाली. परभणी सोडून मानवत-पाथरीच्या रस्त्याला लागलं, की उसाच्या हंगामात एकामागे एक ट्रॉल्या लागतात. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. माझी नजर मात्र उसाकडे जात नाही. ती जाते जोडावर. पिनला खालून लॉक आहे का?

त्याचं कारण आज लिहून टाकतो. घरचे लोक हा ब्लॉग वाचतात, म्हणूनच लिहितो.

१९९६ च्या जानेवारीतली गोष्ट. मी कॉलेजच्या सुट्टीला आलो होतो. ऊस भरून झाला होता आणि ट्रॉली जोडायचं काम हौसेनं मी अंगावर घेतलं. आमच्या सालगड्यानं ट्रॅक्टर हळूहळू मागे घेतला, मी दांडी हुकात बसवली, वरून पिन टाकली. पिनच्या खालच्या भोकात घालायची कॉटर पिन काही सापडेना. "लॉक टाकलं का, मालक?" त्यानं वरूनच विचारलं. मी म्हणालो, "टाकलं, चला."

कालव्याच्या पुलाच्या चढाला ट्रॉली सुटली. ऊस मागच्या बाजूला जास्त भरला होता. चढावर वजन मागे गेलं, दांडी वर उचलली गेली, खड्ड्याचे हिसके बसतच होते. लॉक नसलेली पिन वर सरकून निघाली. ट्रॉलीला ना स्वतःचा ब्रेक, ना साखळी. ती उलटी गेली आणि बाभळीला अडकली. मागून सायकलवर एक म्हातारबाबा येत होते. त्यांनी सायकल टाकून उडी मारली म्हणून वाचले. सायकलचा मात्र चुराडा झाला.

काकांनी विचारलं, "पिन कुणी लावली होती?" मी खाली बघत राहिलो. सालगड्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझंच ध्यान नव्हतं."

सायकलचे पैसे त्याच्या सालातून कापले. पाडव्याला साल संपलं, तेव्हा काकांनी त्याला पुन्हा ठेवलं नाही. मी तेव्हा होस्टेलवर होतो. पत्र लिहायला चार आणे हिंमत पुरली असती, तीही झाली नाही. पुढे काका गेले. तो माणूसही आता नाही.

परवा पुतण्या ट्रॉली जोडत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. ट्रॅक्टर मागे येताना मध्ये उभं राहायचं नाही, बाजूला थांबायचं. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावायचे. ट्रॅक्टर बंद करून, ब्रेक लावून मगच पिन टाकायची. भोकाला बसेल अशीच जाड पिन, खालून लॉक, आणि दांडीखालून साखळी. वळताना ताणणार नाही इतकी सैल, पण जमिनीला घासणार नाही अशी. भार पुढे-मागे सारखा. आणि निघण्याआधी चालवणाऱ्यानं स्वतः उतरून बघायचं, दुसऱ्याच्या "टाकलं"वर जायचं नाही.

"काका, तुम्ही लईच भिता बुवा," तो हसून म्हणाला.

मग त्याला सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला. खाली वाकून त्यानं लॉक पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

त्या सालगड्याचा मुलगा सेलूला असतो असं कळलंय. पुढच्या खेपेला त्याच्याकडे जाणार आहे. काय बोलणार, ते अजून ठरलेलं नाही.