मीटरच्या पुढचं आपलं

गावाकडं घर एक असलं तरी संसार दोन असतात. एक माणसांचा, दुसरा जनावरांचा. माणसांच्या घरात वीज आली तेव्हा तिला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. गोठ्यात मात्र ती मागल्या दारानं गेली. घरातल्या बोर्डातनं दोन पदरी वायर काढायची, कौलाच्या फटीतनं बाहेर घ्यायची, परड्यातल्या कडुलिंबाला एक वेढा द्यायचा आणि गोठ्याच्या वाशाला नेऊन बांधायची. पिवळा बल्ब लागला की काम झालं. आमच्या आळीत सगळ्यांची वायर अशीच गेलेली होती. ज्यानं बांधली त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण कंदिलापेक्षा ते बरंच होतं.

घर ते गोठा अंतर म्हणाल तर ४० फूट. तेवढ्यात वायरीवर ऊन पडतं, पाऊस पडतो, वाऱ्यानं फांदी घासते. कडब्याची गाडी आली की एकजण बांबूनं वायर उचलून धरतो आणि गाडीवाला खालनं गाडी काढतो. खांबापासून मीटरपर्यंतची वायर तुटली तर बोर्डाचा माणूस येतो. मीटरच्या पुढचं सगळं आपलं. तिथं बघायला कुणी येत नाही.

एका बल्बापुरतं ते चाललं. पुढं कडबाकुट्टी आली, २ एचपीची मोटर. हौद भरायला लहान मोटर आली, म्हशींसाठी पंखा आला. वायर मात्र बल्बाच्या काळातलीच. कुट्टी सुरू केली की बल्ब मलूल व्हायचा, मोटर घुं घुं करायची. वायरीला हात लावला तर कोमट लागायची. लोक म्हणायचे, आज लाइटच कमी आहे. लाइट कमी नव्हती, वायर बारीक होती. बारीक वायर तापते, तिचं वरचं कातडं कडक होतं, मग त्याला चिरा पडतात.

आमच्या शेजारच्या घरी एक मुऱ्हा म्हैस होती. तिनं एका पावसाळ्यात हौदावर पाणी प्यायचं सोडलं. तोंड खाली न्यायची आणि झटक्यात मागं सरकायची. अंगणात बादलीनं दिलं तर घटाघटा प्यायची. दूध तुटलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं करणी केली. लिंबू उतरून टाकलं, गळ्यात काळा दोरा बांधला. वायरीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. पत्र्याच्या कडेला वायर घासून तिथनं करंट थोडा थोडा गळत होता. पत्र्यातनं लोखंडी खांबात, खांबातनं हौदाच्या पाइपात. माणसाच्या पायात चप्पल, त्याला काही जाणवायचं नाही. म्हशीला जाणवत होतं, पण सांगणार कसं?

आषाढात एका रात्री पावसानं झोड उठवली. पहाटे धारेच्या वेळी बघतात तर म्हैस आडवी झालेली, आणि तिच्याशेजारची रेडी दावं ताणून भिंतीला चिकटून उभी. वहिनी बादली घेऊन आत शिरणार, तेवढ्यात सासूनं मागनं पदर धरला. म्हणाली, "थांब गं, आधी मेन पाड." शाळेचं तोंड न बघितलेली ती म्हातारी. तिच्या त्या चार शब्दांनी सून वाचली. म्हैस गेली. तिच्या दुधावर त्या घराचा किराणा चालायचा आणि सोसायटीचा हप्ता जायचा.

तेव्हापासनं मला एक गोष्ट पक्की कळली. करंटच्या बाबतीत जनावर माणसापेक्षा कच्चं असतं. त्याचे खूर उघडे, खाली शेणामुताचा ओलावा. पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर. जमिनीत करंट उतरला तर तो एका जोडीतनं शिरतो आणि दुसरीतनं निघतो, आणि काळीज नेमकं त्या वाटेवर असतं. वर ते दाव्याला बांधलेलं. पळायचं म्हटलं तरी पळता येत नाही.

ऊस गेल्यावर आम्ही आमची वायर काढायची ठरवली. वायरमन जाणता होता. म्हणाला, "वरनं न्यायची तर खांब रोवून जीआय तारेचा आधार द्या, गाडी जाईल एवढी उंच न्या. खालनं न्यायची तर आर्मर केबल घ्या. साधी वायर मातीत पुरू नका." आम्ही खालनं न्यायचं ठरवलं. केबल तीन पदरी: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. मोटरीचा हिशोब करून जाडी धरली. मध्ये एकही जोड नाही.

चर खणला अडीच फूट खोल. परड्यातनं तिरका नेला असता तर केबल वाचली असती, पण तिरकी वाट पुढं कुणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून भिंतीच्या कडेकडेनं सरळ नेला. खाली वाळूचा थर, त्यावर केबल जराशी सैल, वर पुन्हा वाळू, त्यावर आडव्या विटा, मग माती. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "आरं, एवढं खोल काय पुरताय? धन हाय का?"

वायरमन म्हणाला, "धनच समजा अण्णा. जनावरं म्हंजे धनच न्हवं का?"

आर्मर केबलीला आतनं लोखंडी तारांचं चिलखत असतं. उंदीर-घुशींचे दात सारखे वाढत असतात, त्यामुळं त्यांना कुरतडल्याशिवाय चैन पडत नाही. प्लॅस्टिकचा पाइपसुद्धा ते सोडत नाहीत. लोखंडापुढं मात्र हरतात. हे चिलखत अर्थिंगला जोडायचंच. मग चुकून टिकाव आत घुसला तरी करंट अर्थिंगच्या वाटेनं जातो आणि स्विच पडतो. केबल जिथं जमिनीतनं वर येते तिथं म्हशी अंग घासतात, म्हणून तिथं जीआय पाइप घातला. भिंतीतनं आत घेताना खालनं वर घेतली, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून बोर्डात जात नाही. बोर्ड शिंगं पोचणार नाहीत एवढा उंच, बंद पेटीत. गव्हाणीचा लोखंडी पाइप, खांब आणि हौदाचा नळ हे सगळं अर्थिंगला बांधून घेतलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओततो.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. साधा एमसीबी वायरीला वाचवतो, जिवाला नाही. १६ अँपिअरचा स्विच १६ अँपिअरच्या हिशोबानं चालतो. जीव जायला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. त्याला वेगळा स्विच लागतो, त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा तो हिशोब ठेवतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होतो. त्यावर एक लहान बटण असतं. महिन्यातनं एकदा ते दाबायचं. दाबल्यावर स्विच पडला तर तो जिवंत आहे, नाहीतर बदलायचा. आमच्याकडं हे काम अमावास्येला होतं, कारण तारीख विसरते, अमावास्या विसरत नाही. मिरगाच्या आधी वायरमनला बोलावून सगळं एकदा तपासून घेतो.

खर्च झाला. पण सगळा मिळून एका दुभत्या म्हशीच्या किमतीपुढं किरकोळच होता.

केबल कुठनं गेली याचा नकाशा वायरमननं खडूनं काढून दिला होता. मी तो ऑइलपेंटनं पक्का करून गोठ्याच्या दाराला आतल्या अंगानं लावला. परवा नातू नळाची पाइप टाकायला भिंतीकडेला खणत होता. नकाशा बघितला नव्हता त्यानं. टिकाव विटेवर खणकन वाजला आणि तो थांबला. मला हाक मारून म्हणाला, "आजोबा, इथं खाली काहीतरी बांधलंय." म्हटलं, "व्हय. आता चार पावलं सरकून खण."