हाताला ठाऊक, यंत्राला सांगायचं

सरकारी कार्यालयातून आलेलं संगणकावरचं मराठी पत्र हाती घेतलं, तर ते अनेकदा ‘मंगल’ फॉन्टमध्ये असतं. विंडोजबरोबर तो घरोघरी पोचला. तो घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) मुळात सुलेखनकार. मुंबईच्या जे. जे. कलासंस्थेत शिकले, जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक झाले, कविताही केल्या. पुढे १९८३ ते १९९६ आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलं आणि नंतर राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकतज्ज्ञांच्या शेजारी बसून फॉन्ट केले. गुजरातीचा श्रुती, गुरुमुखीचा रावी, कन्नडचा तुंगा हेही त्यांचेच.

अशा माणसाबद्दल ‘कला, विज्ञान आणि तंत्रज्ञान यांचा संगम’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण संगम होतो कुठे? मला तो वेलांटीत दिसतो.

‘दिवस’ हा शब्द घ्या. कानाला आधी ‘द’ ऐकू येतो, डोळ्याला आधी वेलांटी दिसते. जुन्या टाइपरायटरवर वेलांटीच आधी दाबायची. युनिकोड या संगणकावरच्या अक्षरसंकेतात उच्चाराचा क्रम मानला आहे: आधी ‘द’, मग वेलांटी, तिला उचलून ‘द’च्या अलीकडे बसवायचं काम यंत्राचं. बसवायची म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो. ‘रि’ची वेलांटी आखूड, ‘ष्ठि’ची ऐसपैस. बोरू धरलेला हात ती आपसूक लांबवतो, विचारही करत नाही. फॉन्ट करणाऱ्याला मात्र निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या आखून, कोणत्या अक्षराला कोणती, हे नियमात लिहून द्यावं लागतं. डोळा कलावंताचा, नियम गणिती वळणाचा आणि सोय वाचणाऱ्याची. तिन्ही साधलं की वाचणारा थेट मजकुराकडे जातो, वेलांटीकडे त्याचं लक्षही जात नाही.

हाताला जे ठाऊक असतं ते शब्दांत सांगणं फार अवघड. चांगले कारागीर ‘बघ आणि कर’ म्हणून सुटतात. वर्गात उभं राहणाऱ्याला तशी सुटका नाही. ‘सर, इथे रेघ जाड का?’ या प्रश्नाला काहीतरी पटणारं उत्तर द्यावंच लागतं. वर्षानुवर्षं अशी उत्तरं देणारा माणूस यंत्रासमोर बसतो, तेव्हा निम्मी तयारी झालेली असते. यंत्र म्हणजे अतिशय मठ्ठ आणि अतिशय आज्ञाधारक विद्यार्थी. म्हणून मला वाटतं, जोशींच्या कारकिर्दीतला सांधा अध्यापनाचा होता. अभियांत्रिकी संस्थेने सुलेखनकाराला प्राध्यापक केलं, ही चैन नव्हती.

आज हे आठवायचं कारण मोडी, मराठीची जुनी लिपी. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. पण मोडीचा जीव तिच्या वळणात, हात न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात शिरण्यात आहे. ते वळण जाणणारे दप्तरखान्यांत आणि मोडी वर्गांत भेटतात, फॉन्टचे नियम लिहिणारे संगणकाच्या कंपन्यांत. दोघांची गाठ रोजच्या रोज पडावी, एकाने दुसऱ्याला ‘असं का?’ विचारत राहावं, तेही नफ्याची घाई न करता, एवढी सवड फक्त विद्यापीठच देऊ शकतं. त्यासाठी प्राध्यापकाच्या अर्जातला ‘विषय’ हा रकाना थोडा रुंद करावा लागेल.