कमी चालली तरी तेल बदलायचेच

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. लोक झोपेत होते. बचाव पथकांनी बोटींतून माणसे बाहेर काढली.

त्यानंतर आमच्या मोहल्ल्यातील काही तरुणांनी वर्गणी जमवून एक जुनी रबरी बोट आणि तिच्या मागे लावायची छोटी फोर-स्ट्रोक मोटर घेतली. माझा धाकटा भाऊ गाड्यांचा मिस्त्री, म्हणून मोटर त्याच्या गॅरेजमध्ये राहिली. मी शिक्षिका, म्हणून हिशोबाची वही माझ्याकडे आली.

पुढच्या पावसाळ्यात सराव धरून मोटर जेमतेम नऊ तास चालली. ऑक्टोबरमध्ये भाऊ म्हणाला, "आपा, मोटरीचं तेल बदलायचं आहे. इंजिनचं आणि खालच्या गिअरचंही. हजार रुपये लागतील."

मी साफ नकार दिला. "नऊ तासांत तेल खराब होतं का? लोकांची अमानत आहे ही. असे पैसे उडवता येणार नाहीत."

तो काही बोलला नाही. रात्री मोटरीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका आणून त्याने माझ्यासमोर ठेवली. त्यात लिहिले होते : दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी होईल तेव्हा. प्रश्न शेवटपर्यंत वाचा, असे मी वर्गात रोज सांगते. इथे मी स्वतः तासांपाशीच थांबले होते.

मग त्याने समजावून सांगितले. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. मोटर तासभर चांगली तापली तर ती वाफ निघून जाते. पण दहा-पंधरा मिनिटांच्या सरावात इंजिन पुरते तापत नाही. ओल आणि न जळलेले थोडे पेट्रोल तेलात उतरते, तेल पातळ होते आणि त्यात आम्ल तयार होते. असे तेल सात-आठ महिने आत पडून राहिले की बेअरिंग आणि इतर भाग गंजू लागतात. म्हणून तेल पुढच्या जूनमध्ये न बदलता, पावसाळा संपल्यावर, मोटर ठेवून देण्याआधी बदलायचे. म्हणजे बंद काळात आत स्वच्छ तेल राहते.

रविवारी मी स्वतः गॅरेजमध्ये गेले. पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये मोटर बुडवून त्याने ती थोडा वेळ चालवली. या मोटरीला थंड ठेवणारा पंप बाहेरचे पाणी ओढतो. कोरडी चालवली तर पंपातले रबरी चक्र लगेच खराब होते. तेल गरम असताना काढले की घाणही सोबत निघते. इंजिनचे तेल काळे निघाले, त्याला पेट्रोलचा वास होता. मग त्याने गिअरचा खालचा स्क्रू काढला. दुधाच्या चहासारखे तेल बाहेर आले. भावाचा चेहरा उतरला. सील झिजले होते आणि गिअरमध्ये पाणी गेले होते. पाणी तसेच राहिले असते तर जूनपर्यंत गिअर गंजले असते, आणि हे कुणाला कळले असते तर ऐन पुरात, बोटीत माणसे बसलेली असताना.

मी सीलचे पैसे दिले, तेलाचेही दिले, आणि भावाची माफी मागितली. "माफी कसली आपा," तो हसून म्हणाला, "पुढच्या वर्षी न मागता द्या."

पैसा वाचवला की अमानत जपली, असे मला वाटत होते. पण लोकांनी पैसे वहीत राहावेत म्हणून दिले नव्हते. वेळ आली तर मोटर सुरू व्हावी, म्हणून दिले होते.

आता मोटरीवर एक चिठ्ठी चिकटवली आहे : तेल बदलल्याची तारीख, चाललेले तास आणि पुढची तारीख. तुमच्या घरीही एखादी कमी वापरातली स्कूटर किंवा जनरेटर असेल. ते किती चालले एवढेच पाहू नका. शेवटचे तेल कधी बदलले, ती तारीखही पाहा.