तिसरा ढीग

७ जुलै १९६६ अशी तारीख घातलेलं एमआयटीचं एक टिपण आहे. लिहिणारे सेमोर पॅपर्ट. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत कामाला आलेल्या मुलांना काय काम द्यायचं, त्याचा आराखडा. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र संगणकाने पाहायचं आणि त्यात काय काय आहे ते सांगायचं, एवढंच. जुलैत चित्राचे तुकडे पाडून त्यांचे तीन ढीग करायचे: ही वस्तू असावी, ही पार्श्वभूमी असावी, आणि उरलेला गोंधळ. (तिसऱ्या ढिगाला टिपणात खरोखरच हेच नाव आहे.) सुरुवातीला चेंडू, विटा, नळकांडी, ऑगस्टात सिगारेटचं पाकीट, पुढे हत्यारं, कप वगैरे. मुलांच्या कामाची जुळवाजुळव करायला जेराल्ड ससमन, तो स्वतःच अजून पदवीचा विद्यार्थी. आखणी अशी, की जणू गणपतीच्या मांडवाचं काम वाटून दिलंय.

ऑगस्ट संपला, प्रश्न तसाच राहिला. छायाचित्रातल्या वस्तू ओळखण्याच्या स्पर्धेत टोरांटो विद्यापीठातल्या तिघांनी सगळ्यांना मागे टाकलं ते २०१२ साली. त्या उन्हाळ्याला तेव्हा शेहेचाळीस वर्षं झाली होती.

उन्हाळी संशोधनासाठी आमच्याकडे जी मुलं येतात त्यांना मी हे टिपण पहिल्याच दिवशी वाचायला देते. मुलं हसतात. एवढ्या थोरामोठ्यांचा अंदाज एवढा चुकावा, याने त्यांना धीर येत असावा. हसू दोनेक आठवडे टिकतं.

आमचा विषय मोडी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, ते वाचू शकणारी माणसं फार थोडी. मग हे काम संगणकाने का करू नये? इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला हा प्रश्न ऐकताक्षणी सोपा वाटतो. देवनागरी छापील मजकूर मोबाइल वाचतोच की! मग तो पहिलं पान बघतो. पानभर आधी आडव्या रेघा ओढून घेतलेल्या, त्यांना लटकलेली अक्षरं, हात न उचलता एकातून दुसऱ्यात गेलेली. शब्द कुठे संपला ते दाखवणारी जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. वर शाईचे डाग, वाळवी, मागच्या बाजूचा पुढे उमटलेला मजकूर. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली तीच २०१४ साली, त्यामुळे तयार डेटाही बेताचाच. पहिले काही दिवस तर फक्त पानं कापणं आणि लेबलिंग. ‘मॅडम, हे रिसर्च आहे?’ असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. तोंडाने नाही विचारलं तर चेहऱ्याने.

लेबलिंगला मदत करायला निवृत्त झालेले एक मोडीवाले काका येतात. त्यांना वाचताना बघणं हा मुलांचा पहिला खरा धडा. काका अक्षरं लावत बसतच नाहीत. पानाच्या माथ्यावर नजर टाकली की ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ धडाधड म्हणून मोकळे. त्यातली निम्मी अक्षरं पुसलेली असली तरी त्यांना फरक पडत नाही, कारण पत्राची सुरुवात काय असणार हे त्यांना पाठ आहे. खाली मजकुरात मात्र ते थबकतात, चष्मा कपाळावर चढवतात, आणि खात्री नसेल तिथे पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढतात. त्यांचे एक स्नेही कधीमधी डोकावतात. एकदा एका शब्दावरून दोघांची अशी जुंपली, की चहा गार झाला. गावाचं नाव की आडनाव? निकाल लागलाच नाही.

साताऱ्याकडून आलेली एक मुलगी हे सगळं ऐकत होती. ‘मॅडम, मग बरोबर काय धरायचं?’

आमच्या शिक्षणात हा प्रश्न उद्भवतच नाही. पेपर सेट करणाऱ्याकडे मॉडेल आन्सर असतं. प्रॅक्टिकलला आउटपुट काय यायला हवं ते जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं, आणि नाही आलं तर गेल्या वर्षीची फाइल असते. ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकालाही उत्तर माहीत असतं, निदान तसा त्याचा आविर्भाव तरी असतो. वीस-एकवीस वर्षांची होईपर्यंत ज्याचं उत्तर कुठेच ठेवलेलं नाही असा प्रश्न या मुलांच्या वाट्याला आलेला नसतो. म्हणून उत्तर मला ठाऊक आहे आणि मी मुद्दाम लपवते आहे, असं त्यांना बरेच दिवस वाटत राहतं.

त्याच मुलीने एका शुक्रवारच्या मिटिंगमध्ये अचूकतेचा आकडा दाखवला तो नव्वदीच्या बराच वर. टाळ्या झाल्या, कोणीतरी वडापाव मागवले, पोस्टरची भाषा सुरू झाली. सोमवारी ती आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. वाळवीने साफ खाल्लेल्या एका पट्टीचं उत्तरही तिच्या प्रोग्रॅमने बिनचूक दिलं होतं. अक्षर म्हणून तिथे काही उरलंच नव्हतं. कोणी सांगितलं नसताना ती शनिवार-रविवार त्याच्या मागे लागली होती. तिने पानांच्या पट्ट्या कापून सगळ्या एकत्र पिसल्या होत्या आणि मग काही शिकवायला, काही परीक्षेला अशा वाटल्या होत्या. त्यामुळे एकाच कारकुनाच्या एकाच पत्राचे तुकडे दोन्हीकडे गेले. यंत्र अक्षरं थोडीच शिकलं होतं, बाकी त्याने त्या माणसाचं वळण आणि पत्राचा ठरलेला साचा घोकला होता. रुमालच्या रुमाल परीक्षेसाठी बाजूला ठेवून तिने पुन्हा मोजलं, तर आकडा साठीच्या खाली.

या क्षेत्रात हा घोटाळा नवा नाही, छापून आलेल्या शोधनिबंधांतही तो सापडतो. पण आयता चांगला आलेला आकडा स्वतःच्या हाताने पाडायचा, तोही रेको लेटर लिहिणाऱ्या मॅडमसमोर, याला काय लागतं ते मला नीट सांगता येणार नाही. मला तिचा हेवा वाटला.

पण तिचा खरा प्रश्न पुढेच होता. ‘काका पुसलेली अक्षरं अंदाजाने वाचतात तेव्हा आपण वा म्हणतो. माझ्या प्रोग्रॅमने तेच केलं तर ती लबाडी कशी?’

यावर आमचे दोन दिवस वाद झाले. नांदेडच्या एका मुलाने मुद्दा पकडला: काका पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतात. प्रोग्रॅम मात्र वाचलेलं आणि ठोकून दिलेलं एकाच ठाम सुरात सांगतो. उरलेल्या उन्हाळ्यात त्या दोघांनी फक्त तेवढंच केलं. जिथे वाचता येत नाही तिथे यंत्राने ‘नाही येत’ म्हणावं, यासाठी धडपड. म्हणजे फिरून १९६६चा तिसरा ढीग. काम अर्धवट राहिलं. काकांना मात्र ते आवडलं. ‘आता ह्याला मोडी शिकायची लायकी आली’ म्हणाले.

अधूनमधून पालक बातम्या पाठवतात: पदवीच्या विद्यार्थ्याने जुना प्रश्न सोडवला. तसं घडतंही. टेक्सास विद्यापीठातल्या एविन टँग यांना स्कॉट आरन्सन यांनी पदवीच्या प्रबंधासाठी जे सिद्ध करायला दिलं होतं, त्याच्या बरोबर उलट निकाल त्यांनी २०१८ साली, अठराव्या वर्षी काढला. क्वांटम संगणकाला जे झटपट जमतं ते साध्या संगणकाला जमणार नाही, असं दाखवायचं होतं, आणि साध्या संगणकाची जवळपास तेवढीच वेगवान रीत हाती लागली. आपल्याकडे कानपूरला ऑगस्ट २००२मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे नशिबावर न विसंबता, आवाक्यातल्या वेळात ठरवण्याची रीत दिली. कयाल आणि सक्सेना नुकतेच बी.टेक. झालेले. बातमीत एक गोष्ट राहून जाते. त्या दोघांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच वाटेवरचा होता, आणि त्याआधीच्या वर्षी आणखी दोन बी.टेक. विद्यार्थ्यांनी तिथेच खणून ठेवलं होतं. त्या आधीच्या दोघांची नावं कोणता पालक फॉरवर्ड करतो?

आणि कोण येऊ शकतं, हाही मुद्दा आहेच. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम १९८७पासून चालू आहे, तिथे मुलांना मानधन मिळतं. आपल्याकडे तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे, कुलाब्याला टीआयएफआरचा कार्यक्रम आहे. पण हे कार्यक्रम मे महिन्यात सुरू होतात आणि आपल्या अनेक विद्यापीठांच्या परीक्षा तेव्हा चालू असतात, कधी जूनपर्यंत रेंगाळतात. आयआयटीचा मुलगा बॅग भरून निघतो तेव्हा आपला मुलगा मॅथ्सच्या केटीचं हॉल तिकीट शोधत असतो. दुसरीकडे उलट पैसे घेऊन चार आठवड्यांत ‘रिसर्च इंटर्नशिप’चं सर्टिफिकेट देणारी दुकानं जोरात आहेत. कॉलेजांनाही ती चालतात, कारण फाइलला कागद लागतो. सर्टिफिकेटवर अचूकतेचा आकडा असता तर तो नक्की नव्वदीच्या वर असता.

साताऱ्याची मुलगी संशोधनात गेली नाही. घरी कर्ज होतं, कॅम्पसमधून नोकरी लागली, ती तिने घेतली आणि योग्यच केलं. जाण्याआधी मी तिला एवढंच सांगितलं होतं की पुढच्यांसाठी रीडमी लिहून ठेव. माझी अपेक्षा होती, कोणती फाइल आधी चालवायची वगैरे. तिने मुख्यतः काय काय करून पाहू नये तेच लिहिलं, कारणांसकट, आणि काकांची प्रश्नचिन्हं कुठल्या कॉलममध्ये आहेत ते. पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत सूचना: ‘पहिल्या महिन्यात नव्वदच्या वर आकडा आला तर कोणालाही सांगण्याआधी मला फोन करा.’ खाली नंबर.

पुढच्या मे महिन्यात तिला ऑफिसात, ऐन मिटिंगमध्ये फोन गेला. ती उठून बाहेर आली आणि अर्धा तास बोलत राहिली.