वैनगंगेकाठचे हेलिकॉप्टर

गेल्या दिवाळीत आमच्या घरी हेलिकॉप्टरवरून अबोला झाला. हेलिकॉप्टर म्हणजे अर्थात रिमोटवर उडणारे खेळातले. आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी त्याच्यासाठी वर्षभर डब्यात पैसे साठवले होते. ते ३,००० रुपये झाले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. विमानविद्येशी माझा संबंध पुष्पक विमानापुरता! पण अबोल्याचे मूळ माझ्यातच होते.

दोन वर्षांपूर्वी मीच एका प्रदर्शनातून ९०० रुपयांचे हेलिकॉप्टर मोठ्या रुबाबात घरी आणले होते. दिवाणखान्यात ते झकास उडाले. दुसऱ्या दिवशी पोराने सारी आळी गोळा करून ते अंगणात नेले, आणि उन्हात येताच ते धोंड्यासारखे खाली आले. ते इन्फ्रारेड किरणांवर चालणारे होते आणि भर उन्हात त्या किरणांचा टिकाव लागत नाही, हे मला मागाहून कळले. दुकानदाराने सांगितले नाही, मी विचारले नाही. पोरगा काही बोलला नाही. पण त्यानंतर त्याने माझ्याकडे एकही खेळणे मागितले नाही. ते न मागणे मला फार लागले होते.

आता त्याने स्वतःच एक जुने, मोठे हेलिकॉप्टर हेरले होते. विकणारा निघाला भंडाऱ्याचा, माझाच जुना विद्यार्थी. चिरंजीवांनी अट घातली, "बाबा, तुम्ही नुसते बरोबर चला. मध्ये बोलू नका." सौभाग्यवतींनी डब्यात चकल्या भरून दिल्या आणि भाऊबीज उलटल्यावर आम्ही नागपूरहून गाडीत बसलो.

स्टेशनचे नाव भंडारा रोड. पण ते आहे वरठीला. भंडारा पुढे रिक्षाने गाठायचे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. हलके धान कापून झाले होते, भारी अजून डोलत होते. मधूनमधून बोड्या आणि तलाव चमकत होते. या भागात दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार रंगते, दिवसा पाळणे आणि खेळण्यांची दुकाने. एका दुकानात प्लॅस्टिकची हेलिकॉप्टरे टांगलेली दिसली. पोराने माझ्याकडे पाहिले. मी मान फिरवली.

भंडारा हे पितळेचे गाव. इथल्या पितळी भांड्यांचे नाव पूर्वी दूरवर होते. स्टील आले आणि ठोक्यांचा आवाज कमी झाला. माझ्या विद्यार्थ्याचे वडील जन्मभर तेच काम करीत आले. मुलगा मात्र मोबाईल दुरुस्त करतो. आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर म्हातारबाबा मोडीत आलेला एक हंडा बोटाने वाजवून पाहत होते.

"फुटलेलं भांडं बोलते जी," ते म्हणाले. "ऐकाले पाहिजे."

विद्यार्थ्याने मोठे यंत्र बाहेर आणले. मागणी ४,००० रुपयांची होती, पण पोराचे डोळे असे लकाकले की मी मनात वरचे हजार मोजूनही टाकले. तोच विद्यार्थी म्हणाला, "सर, हे त्याले नका घेऊन देऊ."

विकणाऱ्याच्याच तोंडचे हे शब्द! त्याने वरचा पंखा हाताने फिरवला. मधला दांडा किंचित वाकलेला असल्यामुळे पंख्याचे डोके लचकत होते. दातेरी चाकातून कट्‌कट् येत होती. म्हणजे एक दाता गेलेला. बॅटरी फुगलेली. "फुगलेली बॅटरी फुकट भेटली तरी घेऊ नये. पेट घेते." शिवाय या जातीची पाती फिरता फिरता आपला कोन बदलतात, जाणता माणूस ते उलटेही उडवतो, नवशिक्याच्या हातून मात्र ते क्षणात आपटते.

मग आम्हा दोघांची शिकवणी झाली. एकावर एक, उलटसुलट फिरणारे दोन पंखे असलेले हेलिकॉप्टर शिकायला सर्वांत सोपे. पण वारा सुटला की ते पतंगासारखे वाहत जाते. दुसरे, वर एक पंखा आणि शेपटीला छोटा पंखा असलेले. वरचा पंखा एकीकडे फिरला की धड उलट दिशेला गरगरू पाहते, त्याला शेपटीचा पंखा आवरतो. १९३९ साली सिकोर्स्की यांनी अमेरिकेत ज्या घडणीचे हेलिकॉप्टर उडवले, तीच ही घडण. या दुसऱ्या जातीचे एक लहानसे, रेडिओलहरींवर चालणारे यंत्र त्याच्यापाशी होते. उन्हाची भीती नाही. वजन २५० ग्रॅमच्या आत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे एवढ्या लहान यंत्राला चालकाचा परवाना लागत नाही. तरी विमानतळ किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसारख्या जागांच्या आसपास ते काढूसुद्धा नये, असे त्याने दोनदा बजावले.

हिशेब झाला. यंत्र १,४०० रुपये, दोन नव्या बॅटऱ्या ६००, जादा पाती आणि शेपटीची मोटर ४००. उरले ६००. "ते मोडतोडीले ठेव," विद्यार्थी पोराला म्हणाला. "नवं घेतलं असतं तं पैसे संपले असते, अन् पहिलं पातं तुटल्यावर खेळ बी संपला असता."

चिरंजीवांनी यंत्र उचलले, पंखा फिरवला आणि म्हाताऱ्यासारखा कान लावला. मग गंभीरपणे डब्यातले पैसे मोजून दिले. मी अटीप्रमाणे गप्प होतो.

वैनगंगेच्या जुन्या पुलापलीकडे एका कापलेल्या बांधीत तणस पसरली होती. आपटले तरी मऊ लागेल म्हणून तिथेच पहिले उड्डाण ठरले. शेपूट आपल्याकडे ठेवायची. तोंड आपल्याकडे झाले की आरशासारखे डावे-उजवे बदलते. जमिनीलगत आपल्याच वाऱ्याने ते डगमगते, म्हणून कमरेइतके चटकन उचलायचे. पहिल्यांदा ते तिरके पळाले. दुसऱ्यांदा तणशीत रुतले. तिसऱ्यांदा उचलले आणि भर उन्हात, नदीच्या वाऱ्यात, चांगले वीसभर आकडे मोजून होईपर्यंत जागच्या जागी तरंगत राहिले. चौथ्यांदा धुऱ्यावर आपटले आणि पाते तुटले.

माझ्या पोटात धस्स झाले. पोरगा मात्र धुऱ्यावर मांडी घालून बसला आणि त्याने खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला.

"बाबा, हात करा. हा स्क्रू धरा. हरवू नका हं!"

तिळाएवढा तो स्क्रू मी तळहातावर धरून बसलो. नवे पाते चढले. परतताना गाडीत चकल्या खाता खाता तो म्हणाला, "रविवारी तुम्हीही उडवून बघा. पण बाबा, आधी शेपूट आपल्याकडे करायची."