भाड्याची खोली आणि घरातली कीड

दाराच्या चौकटीवर मातीची पेन्सिलीएवढी नळी चढलेली असते. नखाने खरवडा, आत ओल लागते आणि पांढुरक्या वाळव्या पळतात. चार दिवसांत नळी पुन्हा तयार. भाडेकरू झाडून झाडून किती झाडणार? वाळवी येते जमिनीतून. जोत्याला भोकं पाडून औषध सोडायचं, तर तो हक्क भाडेकरूला नाहीच. म्हणून वाळवीचा खर्च घरमालकाचा. यात घासाघीस नको.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. करारात वेगळं ठरलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत केलं नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून पैसे भाड्यातून वळते करावेत. मर्यादा वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा. मात्र हा कायदा अनुसूचीतल्या भागांपुरता. बाकी गावांना १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि तिथे मालकाने काय कबूल केलं तेच बघितलं जातं. ढेकूण, उंदीर, वाळवी यांचं नाव या कलमांत कुठेच नाही. तेव्हा स्टँप पेपरवर दोन ओळी लिहूनच घ्याव्यात.

पिंपळगाव राजासारख्या कापसाच्या गावात आणखी एक गोष्ट. भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, मागची खोली मास्तरांना भाड्याने. कापसातल्या बारीक किडींनी अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात. मास्तरीणबाईंनी गाद्या उन्हात टाकल्या, चादरी उकळल्या, तरी उपयोग काय? कीड भिंतीपलीकडे आहे. पऱ्हाट्यांचा ढीगही भिंतीला टेकून नको. त्यात उंदीर, त्यांच्यामागे साप.

ढेकूण: खोली देतानाच असले तर मालकाचे, नंतर आले तर भाडेकरूचे. एवढं पुरे.

शेतातलं औषध घरात फवारू नका, कृपा करून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तीही मोकळ्या रानात. बंद खोलीत काय होईल? धान्यातल्या सल्फासच्या गोळीला दमट हवा लागली की फॉस्फीन वायू सुटतो आणि फटीतून शेजारच्या खोलीत शिरतो. ती गोळी घरच्या माणसाने हाताळायची नाहीच. सरकारी निर्बंध आहेत.

खामगावहून पेस्ट कंट्रोलवाला बोलावलात तर आधी परवाना मागा. औषधाचं नाव, खोली किती तास रिकामी ठेवायची, हे पावतीवर लिहून घ्या, आणि त्या पावतीची एक प्रत भाडेकरूला द्या.