चाकांवरचे घर

बाबांनी तीस वर्षे मालट्रक चालविला. घरी ते पाहुण्यासारखे येत. काम थांबल्यावर त्यांनी तो ट्रक मोडीत न काढता त्याचे घर करायचे ठरविले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार अशा बदलास नोंदणी अधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती मिळविली. हौद्यावर छप्पर चढले, भिंतींना खिडक्या आल्या. वळणावर गाडी कलू नये म्हणून पाण्याची टाकी आणि जड सामान तळाशी बसविले. जागा थोडी, त्यामुळे प्रत्येक वस्तूची खरी गरज आम्हांला तपासावी लागली. पहिला मुक्काम कसारा घाटाच्या पायथ्याशी पडला. बाबा हळूच म्हणाले, “इथे मी कितीदा एकटाच जेवलो आहे.” आईने काही न बोलता त्यांचे ताट वाढले आणि शेजारी आमची मांडली.